मोमो जागोजागी, पण बाओ कुठे?

संध्याकाळी साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत पायी निघा. भेळ, वडापाव, अंडाबुर्जीच्या गाड्यांमध्ये आता हमखास एक गाडी अशी दिसते, जिच्यावर ॲल्युमिनियमचे डबे एकावर एक रचलेले असतात, झाकणाखालून वाफ निघत असते आणि भोवती कॉलेजची मुले उभी असतात. सांगलीत विश्रामबागेत तेच, शंभर फुटी रस्त्यावर तेच, मिरजेत स्टेशनकडे तेच. काही वर्षांपूर्वी आपली मुले 'चायनीज खाऊ या' म्हणायची. आता 'मोमोज आणा' म्हणतात.

आमच्या घरात या विषयाला जरा वेगळे वळण लागले. माझ्या बहिणीचा मुलगा क्वालालंपूरला नोकरी करतो. सुट्टीवर आला तेव्हा एकदा सकाळी म्हणाला, "खाला, इकडे चांगला पाऊ कुठे मिळतो?" मला वाटले, पाव म्हणतोय. म्हटले, बेकरी काय लांब आहे! तो हसायलाच लागला. मलेशियात वाफवलेल्या चिनी बनला पाऊ म्हणतात. पांढराशुभ्र, मऊ, आत चिकनचे किंवा गोड सारण. कामाला जाता जाता माणसे हातात घेऊन खातात, आणि तो मुस्लिमांच्या दुकानांतही मिळतो. (आपला पाव पोर्तुगीजांकडून आला आणि त्यांचा पाऊ चिनी 'बाओ'वरून. नावे जुळली एवढेच, नाते काही नाही.) भाचा महिनाभर राहणार होता. माझे सासर साताऱ्यात, माहेर मिरजेत. जाता-येता शोध घ्यायचा असे ठरले.

आधी हे सगळे पदार्थ वेगळे करून सांगते, कारण गाडीवर सगळ्यांना 'मोमोज' हे एकच नाव आहे. मोमो तिबेट आणि नेपाळचा. त्याची पारी साध्या मैद्याची, खमीर न घातलेली, पातळ. बाओझी, म्हणजे बाओ, हा चीनचा. त्याचे पीठ खमीर घालून फुगवतात, म्हणून तो पावासारखा लुसलुशीत होतो. सारण न भरता तसाच वाफवला तर तो मानतोउ. आणि डिमसम हा एक पदार्थ नव्हेच. दक्षिण चीनमधल्या कँटन भागात चहाबरोबर खायच्या लहान लहान पदार्थांच्या सगळ्या कुटुंबाचे ते नाव आहे. शब्दाचा अर्थ 'हृदयाला स्पर्श' असा काहीसा होतो. आपल्याकडे चहाबरोबर खारी, नानकटाई आणि समोसा मांडतात, तसे ते समजा. फक्त बरेचसे वाफवलेले आणि बांबूच्या टोपलीत ठेवलेले. कोळंबी भरलेल्या 'हार गाव'ची पारी तर गव्हाच्या स्टार्चची असते, म्हणून ती काचेसारखी आरपार दिसते. मैद्याला ते जमत नाही.

साताऱ्यात पहिल्या आठ दिवसांत आम्ही पाच ठिकाणी खाल्ले. पाचपैकी चार ठिकाणचा मोमो एकाच आकाराचा, एकाच चुण्यांचा आणि एकाच चवीचा. एका गाडीवाल्याने न विचारता सांगून टाकले, "मॅडम, माल पुण्याहून येतो. आम्ही फक्त गरम करतो." म्हणजे फ्रीझरमधले पाकीट फोडायचे, डब्यात ठेवायचे, दहा मिनिटांनी काढायचे. त्यात लबाडी नाही; बिचाऱ्याने लपवलेही नाही. पण असा माल ओळखता आला पाहिजे. सगळ्या चुण्या मोजून कापल्यासारख्या सारख्या असतील, पारी चिवट असेल, आतल्या सारणाचा गोळा कोरडा होऊन पारीपासून सुटून खुळखुळत असेल आणि 'चिकन'मध्ये दाताखाली सोयाबीनचा चुरा येत असेल, तर तो यंत्राचा माल. मग त्याची चव झाकायला लाल चटणी आणि वर मेयोनीज. एवढे मेयोनीज तर तिबेटात कोणी पाहिलेही नसेल.

पाचवी गाडी एका नेपाळी तरुणाची. दुपारी तीनपासून तो पीठ मळून, लाट्या लाटून बसलेला असतो. त्याची लाटी मी नीट पाहिली. कडेला कागदासारखी पातळ आणि मध्यभागी जराशी जाड. मध्यभाग जाड यासाठी, की सारणाचा रस खाली फुटू नये; कड पातळ यासाठी, की चुण्या एकत्र आल्यावर तिथे पिठाचा गठ्ठा होऊ नये. कोबी चिरून त्याला मीठ लावतो आणि दहा मिनिटांनी पंचात पिळून काढतो. कोंबडीचा खिमा मांडीच्या मांसाचा, त्यात आले, कांदा, थोडे तेल. खाल्ल्यावर आतून गरम रस आला. सहा नगांचे ७० रुपये. ते मला जास्त वाटले नाहीत.

मोमो मिळाला, पण बाओ नाही. त्यालाच विचारले. तो म्हणाला, "बनवता येतो, पण खपत नाही. लोकांना वाटते, कच्चा पाव दिला." यात सगळे आले. आपल्याला पाव म्हणजे वरून तांबूस भाजलेला लागतो. पांढरा दिसला की तो अर्धवट वाटतो.

मग एक दिवस पाचगणी-महाबळेश्वरला गेलो. पर्यटकांच्या एका हॉटेलात कार्डावर 'डिमसम' लिहिले होते. नाव लिहीत नाही. किमतीत आपल्या घरची एक वेळची बिर्याणी झाली असती. आले ते जाड पारीचे मोमोच, बांबूच्या टोपलीत ठेवलेले. सारणात काय आहे, सॉस कोणते आहे, एवढे विचारले तर वेटरने आत जाऊन येतो म्हटले आणि बिल घेऊनच आला.

गंमत म्हणजे सातारा जिल्ह्याला चिनी माणूस नवा नाही. इंग्रजांनी महाबळेश्वरला माल्कम पेठ वसवल्यावर, १८३० च्या दशकात, तिथे चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधला. सिंगापूर-पिनांगकडच्या इंग्रजी वसाहतींतून शिक्षा झालेले हे लोक. त्यांनी तिथे बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे केले, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६० च्या दशकात तो तुरुंग बंद झाला, पण महाबळेश्वरच्या एका धबधब्याला अजून 'चायनामन फॉल' म्हणतात. त्या भागात चिन्यांच्या बागा होत्या म्हणून. मलायी माणूस बहुधा मुस्लिम असतो, तेव्हा त्या कैद्यांमध्ये रोजा धरणारेही असणारच. ते आपापसांत काय शिजवत होते, कोणाच्या हातचे खात होते, हे मला त्या धबधब्यापाशी उभे राहून फार वाटून गेले. त्यांचे बटाटे राहिले. त्यांचा पाऊ मात्र डोंगरावरून खाली उतरला नाही.

खाली उतरले ते दुसरेच चायनीज. गोबी मंचुरियन, ट्रिपल शेजवान, हक्का नूडल्स हे सगळे मुंबई-कोलकात्याचे चायनीज. मंचुरियनचे श्रेय नेल्सन वाँग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी आचाऱ्याला देतात. १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्याने आले, लसूण, मिरची आणि सोया सॉस घालून तो प्रकार केला. खरा बाओ खायचा तर आजही कोलकात्याच्या तिरेट्टी बाजारात सकाळी लवकर जावे लागते. तिथल्या चिनी कुटुंबांचा नाश्ता फुटपाथवर मांडलेला असतो. पण तिथे मांस कसले हे विचारूनच खावे. डुकराच्या मांसाचे बाओ त्यात असतातच.

हा मुद्दा आपल्या घरांत सगळ्यात आधी निघतो, म्हणून तो जरा नीट बोलू. चिनी भाषेत नुसते 'मांस' म्हटले की सहसा डुकराचेच मांस समजतात. कँटनचा प्रसिद्ध 'चार सिऊ बाओ' त्याचाच, आणि काही ठिकाणी पिठातही डुकराची चरबी घालतात. परदेशात असलेल्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. साताऱ्या-सांगलीत गाड्यांवर ते भय जवळजवळ नाही. इथे प्रश्न कोंबडीच्या जबिह्याचा. 'हलाल आहे का?' असे विचारले, तर उत्तर नेहमी 'हो, हो' असेच येते. विचारायचे असेल तर 'कोंबडी कोणत्या दुकानातून आणता?' असे विचारावे. खरा माणूस लगेच दुकानाचे नाव सांगतो. नेपाळी तरुणाने सदर बझारातले दुकान सांगितले, आणि ते आमच्या ओळखीचे निघाले. ज्याचा माल पाकिटातून येतो, तो नाव सांगू शकत नाही. त्याच्याकडे पाकीट मागून पाहावे; त्यावर हलालचे चिन्ह आहे का, ते स्वतः वाचावे. राग येऊ न देता विचारले तर बहुतेक जण दाखवतात. नाही दाखवले तर व्हेज मोमो खावा, त्यात कमीपणा काय!

सॉसचे काय? व्हिनेगरबद्दल शंका नको. सिरका हे तर हदीसमध्ये कौतुक झालेले सालन आहे, आणि गाड्यांवरच्या बाटलीत बहुधा 'सिंथेटिक व्हिनेगर' म्हणजे पाणी घातलेले ॲसेटिक ॲसिड असते. त्याचा दारूशी संबंध नाही. सोया सॉस नैसर्गिकरीत्या आंबवला तर त्यात आपोआप थोडे अल्कोहोल तयार होते. त्यावर उलेमांची मते एकसारखी नाहीत, तेव्हा आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. ऑयस्टर सॉस कालवांचा असतो. कोकणातल्या शाफई घरांना त्याची अडचण नाही. देशावरच्या हनफी घरांत माशाखेरीज समुद्रातले इतर जीव खात नाहीत, म्हणून त्यांनी तो टाळावा. आमच्याकडे याच एका बाटलीवरून जाऊबाईंशी, त्या चिपळूणच्या, दर ईदला गमतीचे भांडण होते.

आणि अजिनोमोटो. ते डुकरापासून करतात, असा निरोप मोबाइलवर वर्षातून दोनदा तरी फिरतो. त्यात पूर्ण खोटे नाही, पण आजचे खरेही नाही. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी प्राध्यापकाने समुद्री शेवाळाच्या सारातून ही चव वेगळी काढली. पुढच्याच वर्षी ती बाजारात आली. २००१ मध्ये इंडोनेशियात असे उघड झाले की तिथल्या कारखान्यात जिवाणू वाढवण्याच्या प्रक्रियेत डुकरापासून काढलेले एंझाइम वापरले गेले होते. तिथल्या उलेमा परिषदेने ते हराम ठरवले आणि कंपनीला माल परत घ्यावा लागला. नंतर प्रक्रिया बदलली. उसाची मळी किंवा टॅपिओका आंबवून ते तयार होते. ज्याला नको असेल त्याने घालू नये. चांगल्या मटणाच्या यखनीला त्याची गरजही नसते.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की बाओ आणि मोमो म्हणजे परक्यांचे खाणे, आपण जपून जपून खायचे. तसे मुळीच नाही. चीनच्या शिआन शहरात जुना मुस्लिम मोहल्ला आहे. तिथली मोठी मशीद चिनी पद्धतीची, उतरत्या छपरांची. आजची बांधणी मिंग राजवटीतली. त्या मशिदीभोवतीच्या गल्ल्यांत हुई मुस्लिम शेकडो वर्षे मटणाचे बाओ विकत आले आहेत. त्यांचा 'गुआनतांग बाओझी' तर आत रस्सा असलेला. रस्सा थंड करून गोठवतात आणि सारणात मिसळतात, वाफेवर तो पुन्हा पातळ होतो. हुई लोकांच्या दुकानावर 'छिंगझेन' अशी पाटी असते. शब्दाचा अर्थ शुद्ध आणि सत्य, वापर हलाल या अर्थी. तिथून पश्चिमेला सरकत जा. उइगुरांचा मांता, उझबेकांचा मांती, अफगाणांचा दही घातलेला मंतू, तुर्कांचा बोराएवढा मांते. चिनी मानतोउ आणि ही सगळी नावे एकमेकांची नातलग असावीत, असे भाषेचे जाणकार मानतात.

मोमोचेही तसेच. ल्हासात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले तिबेटी मुस्लिम १९५९ नंतर भारतात आले. त्यांतली बरीच घरे श्रीनगरात स्थायिक झाली, आणि हलाल मोमो त्यांच्या रोजच्या खाण्यातला आहे. आपल्या जवळ पाहायचे तर कर्नाटकातले मुंडगोड. १९६६ पासून तिथे तिबेटी वसाहत आहे. सांगलीहून बेळगाव-हुबळीमार्गे एका दिवसात पोचता येते. तिथे मोमोबरोबर 'तिंगमो' मिळतो. तोही खमिराचा, वाफवलेला, पदर सुटलेला पाव. त्यात सारण नसल्यामुळे मांसाचा प्रश्नच नाही.

आम्ही मात्र मुंडगोडला गेलो नाही. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीला आलो. विश्रामबागेत दोन ठिकाणी खाल्ले. एक पाकिटाचा, एक तळलेला. तळलेल्या मोमोबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तळायचेच असेल तर समोसा काय वाईट? शंभर फुटी रस्त्यावर एका मुलाने तंदुरी मोमो दिला. वरून चाट मसाला, मेयोनीज आणि चीज. भाच्याने अर्धा ठेवला.

बाओ मिळाला मिरजेत, आणि कोणत्याही हॉटेलात नव्हे. दर्ग्याच्या बाजूला माझ्या अम्मीच्या ओळखीच्या एक बाई घरून ऑर्डर घेतात. वय चाळीसच्या आतबाहेर, दोन मुली शाळेत. नवऱ्याचे टेम्पोचे काम सुटले तेव्हा, काही वर्षे पुण्यात कोंढव्याला भाड्याने राहत असताना, शेजारच्या नेपाळी बाईकडून मोमो शिकल्या. मिरजेला परत आल्यावर सुरुवातीला सगळे मोमोच केले. बाओ कसा सुरू झाला, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखे आहे. "आपा, एक दिवस पीठ उरलं होतं पावाचं. माझा भाऊ बेकरीत आहे, तो खमीर टाकलेलं पीठ घेऊन आला होता. म्हटलं, भट्टी नाही घरात, वाफेवर ठेवून बघू. मुलींनी आतमध्ये खिमा भरायला लावला." मोबाइलवर फोटो पाहून मुलींनीच त्याचे नाव शोधून काढले.

त्यांच्या बाओत कोंबडीचा खिमा असतो, पण चव आपली. कांदा, आले, काळी मिरी, कोथिंबीर आणि अगदी थोडा सोया सॉस. भाच्याने पहिला बाओ मधोमध फोडून पाहिला, पीठ बोटाने दाबले, ते परत वर आले. मग काही न बोलता तीन खाल्ले. क्वालालंपूरचा जास्त गोड आणि जास्त पांढरा असतो म्हणाला, पण खिमा इथला चांगला.

पहिल्या वर्षी बाई ओळखीतल्यांनाच द्यायच्या. घरातून बाईने विकायचे म्हणून जवळच्यांनीच नावे ठेवली. सासऱ्यांनी काही दिवस तोंड फिरवले. आता तेच सासरे सकाळी कोंबडी आणायला जातात आणि दुकानात समोर उभे राहून घेतात. शेजारच्या पदवीधर मुलीने त्यांची अन्नसुरक्षा नोंदणी करून दिली. लहान घरगुती धंद्याला ती वर्षाला १०० रुपयांत होते, आणि त्या नोंदणीशिवाय खाद्यपदार्थ विकणे नियमात बसत नाही. आपल्या भगिनींपैकी कितीतरी जणी घरून समोसे, शीरखुर्मा, बिर्याणी करून देतात. त्यांनी हे काम आधी करून घ्यावे.

त्यांनी कृती लपवली नाही. एवढेच म्हणाल्या, "करू दे सगळ्यांनी, सगळ्यांना वेळ कुठे आहे!" मी दोनदा करून पाहिली. पाव किलो मैद्याला एक लहान चमचा कोरडे खमीर, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा तेल आणि साधारण अर्धा कप कोमट पाणी, लागेल तसे. दहा मिनिटे मनापासून मळायचे, ओला रुमाल झाकून तासभर ठेवायचे. पीठ दुप्पट झाले की दहा गोळे. सारण पूर्ण थंड हवे; गरम सारणाने पीठ फसफसून चिकट होते. भरून झाल्यावर प्रत्येक बाओच्या खाली केळीच्या पानाचा तुकडा ठेवायचा आणि पुन्हा वीस मिनिटे थांबायचे. ही दुसरी विश्रांती गाळली की बाओ दगड होतो. मोदकपात्र असेल तर उत्तम, नाहीतर पातेल्यात पाणी आणि वर चाळण. ज्यांच्याकडे सांदण होतात, त्या कोकणी भगिनींना वाफेचे काही सांगायला नकोच. झाकणाला कापड बांधायचे, म्हणजे थेंब पडून वर डाग पडत नाहीत. कच्चा खिमा असेल तर मध्यम आचेवर पंधरा मिनिटे. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटे झाकण उघडायचे नाही. थंड हवा एकदम लागली की फुगलेला बाओ सुरकुतून बसतो.

मिरजेच्या बाई जुम्म्याला काम ठेवत नाहीत. बाकी दिवशी ऑर्डर आदल्या रात्री इशापर्यंत द्यावी लागते, कारण खमीर पहाटे लावतात. सहापेक्षा कमी देत नाहीत. रमजानमध्ये इफ्तारसाठी आधी सांगून ठेवले तरच मिळतात; गेल्या रमजानमध्ये अखेरच्या दहा दिवसांत त्यांच्या दोन्ही मुली आणि सासरे मिळून केळीची पाने कापत बसलेले असत. भाचा परत जाताना त्यांच्याकडून बारा बाओ डब्यात घेऊन गेला. मुंबईच्या विमानतळापर्यंत त्यातले किती उरले, ते काही त्याने सांगितले नाही.